चेतापेशी शिकायला घेताय? आधी एवढंच बघा

नर्न्स्टचं समीकरण आत्ता बाजूला ठेवा. मायलिनही नंतर. आधी कोऱ्या कागदावर वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या), पेशीकाया (पेशीचा मुख्य भाग), अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब धागा) काढा. संदेश याच क्रमाने जातो, तसे बाण दाखवा.

मग या दोन गोष्टी:
- शांत पेशी आतून, बाहेरच्या तुलनेत, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असते. उणे ५५ च्या आसपास पोचली की सोडियम आत घुसतो, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतो. हाच तो संदेश.
- संदेश उठला तर पूर्ण, नाहीतर नाहीच. जोरात चिमटा काढला तर तो मोठा होत नाही, जास्त वेळा उठतो.

नवख्यांची हमखास चूक: संदेशानंतर विद्युतभार पूर्ववत होण्याचं श्रेय सोडियम-पोटॅशियम पंपाला (सोडियम बाहेर, पोटॅशियम आत ढकलणाऱ्या पेशीपटलातल्या प्रथिनाला) देणं. ते काम पोटॅशियमच्या बाहेर पडण्याचं. पंप मागून सावकाश पसारा आवरतो. (परीक्षकांचा लाडका प्रश्न!) दोन पेशींमधल्या फटीत बहुधा रसायनंच निरोप नेतात. ते जमलं की पुढचं विचारा.