गाडीच्या चाव्यांचं काम शिकायला तीन दिवसांच्या क्लासला पैसे भरू का?

तुमचं वय 24, मोबाइल रिपेअरिंग येतं, आणि क्लासवाला तीन दिवसांचा कोर्स व प्रोग्रामिंगचं (नवी चावी गाडीच्या मेमरीत चढवायचं) मशीन मिळून पॅकेज देतोय, घेऊ का असं विचारलंयत. आत्ता नका घेऊ. मी पुण्यात 14 वर्षं हेच काम करतोय. मशीन कधीही मिळतं, हात बसायला वेळ लागतो.

आयटीआयमध्ये कुलूप-चावीचा ट्रेड माझ्या तरी पाहण्यात नाही. मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेल्याला फायदा होतो, पण चावी शिकायची ती चावीवाल्याच्या टपरीवरच. मी दीड वर्ष उस्तादांकडे बसलो. पहिले तीन महिने नुसत्या गोदरेजच्या कपाटांच्या चाव्या घासल्या. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

अशी टपरी मिळेपर्यंत घरी एक करा. भंगारातून जुन्या गाडीच्या दाराचं कुलूप आणा. गाडीच्या कुलपात बहुतेक वेळा पातळ पितळी पत्त्या असतात. सिलिंडर परातीत ठेवून खोला, नाहीतर स्प्रिंगा पलंगाखाली शोधत बसाल. बऱ्याच जपानी गाड्यांच्या पत्त्यांवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. तो आकडा म्हणजे चावीवरच्या खाचेची खोली. आकडे क्रमाने लिहून घ्या आणि कोऱ्या चावीवर कानशीने तशा खाचा पाडा. ते जमलं की कुलूप न खोलता करून बघा: कोरी चावी घाला, हलका पीळ द्या, वर-खाली हलवा, बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. पत्ती जिथे अडते तिथे सुईच्या टोकाएवढी चकाकी उठलेली दिसते. तिथे कानशीचे दोन हात मारा, तिसरा नको. लिशी नावाचं हत्यार कुलपात घालून खोली वाचता येते, पण बोटांना पत्ती ओळखू येत नसेल तर तेही मुकंच राहतं. आणि दाराची चावी फिरली म्हणून हुरळून जाऊ नका. बऱ्याच गाड्यांच्या दारात इग्निशनपेक्षा पत्त्या कमी असतात.

आता चिप. चावीतल्या चिपला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनभोवतीची कॉइल तिला वीज देते, चिप कोड पाठवते, तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाच्या चावीचं फुटकं कव्हर बदललं, रिमोटची प्लेट नव्या कव्हरात बसवली आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं. दार उघडलं, गाडी सुरू झाली आणि दोन सेकंदांत बंद पडली. मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत होता. तांदळाच्या दाण्याएवढी चिप जुन्या कव्हरात चिकटून राहिली होती! शेजारच्या चहावाल्याचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर पालथा केला तेव्हा ती सापडली.

मशीन घ्याल तेव्हा सोबत बॅटरीला लावायचा चांगला सपोर्ट चार्जर घ्या. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर गाडीचं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा) बिघडू शकतं आणि ते तुमच्या अंगावर येतं. काही गाड्यांत नवी चावी चढवताना जुन्या सगळ्या मेमरीतून पुसल्या जातात, म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या मागवल्याशिवाय मशीनची वायर लावायची नाही.

क्लासवाला बहुधा सांगणार नाही ते हे: गाडी कोणाची, हे आधी बघायचं. मी आरसी आणि आधार पाहतो, नाव जुळलं नाही तर मालकाशी बोलतो, सगळ्या चाव्या हरवल्याची केस असेल तर हरवल्याची पोलिस तक्रार मागतो आणि गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवतो. ‘गाडी भावाची आहे, तो गावी गेलाय’ हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकतो. व्हिडिओ कॉलवर भाऊ आणि त्याची आरसी दिसली तर काम, नाहीतर नाही. गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्याकडे जातं. जाऊ दे.

तुम्हाला सोल्डरिंग येतं, ही मोठी जमेची बाजू आहे. उद्यापासूनच रिमोटची बसलेली बटणं बदलून द्यायला लागा. बटण चार पायांचं, अगदी स्वस्त असतं, आणि बरेच लोक त्यासाठी अख्खी नवी चावी घेतात. जवळच्या चावीवाल्याला सांगा की रिमोटचं काम मी करतो, तुम्ही मला कानस शिकवा. मी तरी अशा मुलाला नाही म्हणालो नसतो.