संभाव्यतेत संशोधन म्हणजे प्राध्यापक नेमकं करतात काय?

तुम्ही विचारलंय, गणिताचे प्राध्यापक संभाव्यतेत संशोधन करतात म्हणजे करतात काय, आकडेमोड तर कॉम्प्युटरच करतो ना? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं हाच विषय शिकवतेय, म्हणून लिहिते.

आकडेमोड कॉम्प्युटर करतो, कबूल. प्रश्न त्याच्या आधी असतो. वर्गात मी सुरुवात साक्यापासून, म्हणजे आंब्याचा गर आतून स्पंजासारखा खराब होतो त्यापासून, करते. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापावाच लागतो, आणि कापलेला आंबा पेटीत भरता येत नाही. समजा, बागेतले ३० आंबे कापले आणि एकातही साका निघाला नाही. मग बाग निर्दोष? पोरं हमखास 'हो' म्हणतात. पण बागेत १० टक्के आंबे साक्याचे असले, तरी तीसच्या तीस चांगले निघण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे ४ टक्क्यांच्या थोडी वर उरतेच. तेव्हा ३० आंब्यांच्या जोरावर फार तर 'साका १० टक्क्यांहून जास्त नसावा' एवढंच म्हणायचं. ३०० कापले तर १ टक्का. तीनशे आंबे कापू देणारा बागायतदार मला अजून भेटायचाय! आणि हे सगळं आंबे कुठलेही, न निवडता उचलले असतील तर. हाताला लागणाऱ्या खालच्या फांदीवरचेच काढले तर हिशेब फुकट.

संशोधन मात्र पावसावर. चिपळूण जुलै २००५ मध्ये बुडालं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. एका मुलीने विचारलं, "मॅडम, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर सोळा वर्षांत दोनदा कसा?" तसा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. २००५ ते २०२१ या १७ पावसाळ्यांत तो दोनदा किंवा जास्त येण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का. पण आपण मोजायला सुरुवातच पुरापासून केली! २००५ चा धरून चाललो, तर पुढच्या १६ पावसाळ्यांत आणखी एक तरी येण्याची शक्यता १५ टक्के. घड्याळ कुठून लावलं यावर उत्तर बदलतं, हे कॉम्प्युटर सांगत नाही.

खरी ग्यानबाची मेख त्या १ टक्क्यात आहे. तो काढायला दरवर्षीचा सर्वांत जास्त पावसाचा एकच दिवस घ्यायचा. चाळीस वर्षांच्या नोंदी म्हणजे चाळीस आकडे, आणि त्यांवरून शंभर वर्षांचं बोलायचं. अशा कमाल आकड्यांचं वितरण, म्हणजे कुठला आकडा किती शक्यतेने येतो याचा नकाशा, शेवटी सूत्रांच्या तीनच घराण्यांपैकी एकाकडे जातं, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि टिपेट यांनी १९२८ साली दाखवलं, गणितज्ञ ग्नेडेंकोने १९४३ मध्ये त्याची पक्की सिद्धता दिली. त्या आधारावर अंदाज बांधता येतो, पण चाळीस आकड्यांत तो किती सैल राहतो, हे मोजणं माझं काम.

सध्या नोंदवहीतल्या कोऱ्या दिवसांपाशी अडकलेय. पाऊस पडला नाही म्हणून रकाना कोरा, की पाणी इतकं चढलं की पर्जन्यमापकापर्यंत कुणाला जाताच आलं नाही? दुसरं असेल, तर हरवलाय तो नेमका त्या वर्षीचा सर्वांत मोठा आकडा.