पाठ केलेले प्रश्न संपले की पुढे काय?

पत्र: नाशिकला सातपूरमध्ये खोली घेऊन राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवीन माणसाशी बोलायला प्रश्न पाठ करून जातो, तरी मराठीतसुद्धा दोन वाक्यांनंतर गाडी अडते. कंपनीच्या मुलाखतीत ‘कम्युनिकेशन कमी’ असा शेरा मिळाला. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर: इतक्यात नको. मराठीत अडणारा माणूस क्लास लावून इंग्रजीतही अडेल, आणि वर फी जाईल ती वेगळी.

घोळ त्या पाठ प्रश्नांत आहे. समोरचा बोलत असतो तेव्हा तू पुढचा प्रश्न जुळवत असतोस, त्यामुळे त्याचं उत्तर कानावरून जातं. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जा. ‘टोमॅटो कसे?’ विचारलंस की भाव कळेल आणि विषय संपेल. ‘कुठले?’ विचार. ‘गिरणाऱ्याचे’ असं उत्तर आलं, तर तोच शब्द धर: ‘गिरणाऱ्याहून इथवर यायला पहाटेच निघावं लागत असेल?’ त्यावर तो जे सांगेल त्यातला पुन्हा एक शब्द. दोन प्रश्नांनंतर एक वाक्य स्वतःचं टाक, नाहीतर ती पोलिसी चौकशी होते. गिऱ्हाइकं खोळंबली असतील तर मात्र भाजी घेऊन निघ.

असे रोज दोन संवाद कर. मेसच्या मावशी, बसमधला शेजारी, कोणीही चालेल. अर्ध्या तासाच्या आत वहीत पाच मिनिटं लिहायचं. पानाच्या डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे तुला जे वाटलं ते. ‘तो कंटाळला’ हे उजवीकडे. ‘त्याने दोनदा मोबाइल पाहिला, पण नंतर स्वतःहून मुलाचं सांगितलं’ हे डावीकडे. बहुतेकांची उजवी बाजू आधी भरते आणि डावीकडे काय लिहावं ते आठवत नाही. आठवत नसेल तर तेव्हा ऐकत नव्हतास, एवढंच समज. स्वतःला शिव्या देण्यासाठी ही वही नाही.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन मिनिटं स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल बोलून रेकॉर्ड कर. दुसऱ्याचं बोलणं न विचारता टिपू नकोस. आवाज पातळ वाटेल. एरवी तो हाडांतूनही कानात पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. ते सोडून दे आणि ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं ते मोज. हे शब्द एकदम बंद होणार नाहीत; तोंडावर आले की तिथे नुसता थांब. तुला युगासारखी वाटणारी ती शांतता ऐकताना जेमतेम सेकंदाची निघते.

मुलाखतीत ‘वर्कशॉपमध्ये काय केलं?’ यावर ‘लेथवर टर्निंग’ (यंत्रावर धातू फिरवत कापणं) एवढंच सांगितलंस, तर समोरच्याला धरायला काहीच उरत नाही. त्याऐवजी: ‘माइल्ड स्टीलचा शाफ्ट टर्न करत होतो. टूलचा ओव्हरहँग, म्हणजे बाहेर राहिलेली लांबी, जास्त राहिला, कापताना थरथर होऊन चॅटर आलं. टूल आत घेतल्यावर फिनिश सुधारलं.’ चूक लपवली नाहीस आणि पुढचा प्रश्न त्यालाच सुचला. मात्र काम खरोखर केलेलंच सांग, कारण मुलाखत घेणारा पुढे स्पीड-फीडवर, म्हणजे धातू किती वेगाने फिरवला आणि टूल किती वेगाने सरकवलं यावर, येणारच.

तीन आठवडे हे कर आणि वहीची दोन पानं पाठव. तोवर मराठीत अडणं थांबलं आणि फक्त इंग्रजी शब्द सुचेनात, तर क्लासचं बघू.