गाभण गाईला शेवटच्या महिन्यात रोज कॅल्शियमची बाटली पाजावी का?

नको, निदान व्यायच्या आधीचे 3 आठवडे तरी बंद ठेवा. होतं काय, बाहेरून भरपूर मिळत राहिलं की मानेतली पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते, हाडांतलं कॅल्शियम काढायचं कामच थंडावतं, आणि व्याल्यावर चीक सुरू झाला की लिटरमागे साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं, अख्ख्या रक्तात मिळून असतं जेमतेम 3-4 ग्रॅम! मग रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं आणि गाय खाली बसते.

आमच्या घणसोलीतल्या गोठ्यात हेच झालं. काळजीपोटी रोज पाजलं, आणि व्याल्यावर दुसऱ्या पहाटे बघतो तर गाय बसलेली, मान कुशीकडे वळलेली, कान गार. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं तेव्हा तासाभरात उठली. (हे स्वतः करू नका हां, घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं.)

लसूणघास पण त्या दिवसांत कमी करा, त्यात कॅल्शियम तर आहेच वर पोटॅशियम पण जास्त, त्याने मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही आणि मॅग्नेशियम कमी पडलं की ती ग्रंथी अजूनच ढिली पडते. व्याल्याबरोबर मात्र डॉक्टरांना विचारून कॅल्शियम लगेच चालू करा.