मांडीतल्या सार्कोमाच्या (स्नायू, चरबी, हाडं अशा ठिकाणी होणाऱ्या कर्करोगाच्या) ऑपरेशनला 2 वर्षं झाली, रिपोर्ट नॉर्मल. वडिलांना सोलापूरहून मुंबईला तपासणीसाठी न्यायचं थांबवलं तर चालेल का?

नाही, कृपा करून थांबवू नका. हा आजार उलटला तर बहुधा पहिल्या 2-3 वर्षांतच उलटतो, पण काही प्रकार 5 वर्षांनंतरही डोकं वर काढतात. साधारणपणे आधी दर 3-4 महिन्यांनी, मग 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा बोलावतात.

मांडीइतकीच छातीची तपासणी महत्त्वाची. सार्कोमा पसरतो तो बहुतेकदा फुफ्फुसांत, आणि तिथली गाठ लहान असताना सापडली तर कित्येकदा काढता येते. दर वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायलाच हवी असं नाही. छातीचा सीटी स्कॅन सोलापुरात किंवा बार्शीला केला तर चालेल का, हे मुंबईच्या डॉक्टरांना विचारा. जुन्या सीडी जपा, नवा स्कॅन त्यांच्याशीच ताडून बघतात. आंघोळ करताना व्रणाभोवती बोटांनी चाचपायला सांगा. गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.