दिवसभर सुई हातात, तरी सुईची भीती

"मॅडम, सुई बघितली की मला चक्कर येते. पाचवा महिना लागला, अजून एकदा पण रक्त दिलं नाही. माझ्यामुळं बाळाला काय होईल का ओ?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या गरोदर बायका हा प्रश्न बहुतेक वेळा निघताना, दाराशी उभं राहून विचारतात. हिने खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारला आणि रडायला लागली. ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण भीती जशीच्या तशी ठेवली आहे. तशी भीती असलेल्या बायका सोलापुरात खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी गप्प आहेत.

पूर्व भागात राहणारी, तेविशीतली मुलगी. नवरा यंत्रमागावर, सासू विड्या वळणारी. ही घरी शाळेचे गणवेश शिवायची. कारखान्यातून कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे, संध्याकाळपर्यंत शर्ट तयार. त्यामुळे घरात सगळ्यांचा एकच टोमणा: "सुईवर पोट चालतंय आणि सुईलाच भितेस व्हय?" दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. त्या दिवशी हिचं डोकं दुखायचं, नाहीतर ही माहेरी गेलेली असायची. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या, तेव्हा ही मोरीत कडी लावून बसली होती.

टोमण्याबद्दल मी तिलाच विचारलं. ती पटकन म्हणाली, "ती सुई माझ्या हातात असते की ओ, मॅडम."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. सुई कुणाच्या हातात आहे, हाच तिचा प्रश्न होता. सात-आठ वर्षांची असताना ती गावी ओट्यावरून पडली आणि कपाळाला खोक पडली. टाके घालताना दोन काकांनी हात धरले, एकाने पाय, आणि सगळे म्हणत होते, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं." मुंगी चावल्यासारखं मुळीच नव्हतं. ती ओरडत होती आणि कुणीही थांबलं नाही. दुखणं ती विसरली असती. खोटं बोलून धरून ठेवलं, ते विसरली नाही. लेकराला दवाखान्यात नेताना आपण सगळेच हे वाक्य सहज बोलतो. कृपा करून बोलू नका.

मग मी विचारलं, घरात आणखी कुणाला रक्त बघून चक्कर येते का? वडिलांना यायची. ही भीती बऱ्याचदा घराण्यात असते आणि इतर भीतींपेक्षा तिची चाल वेगळी असते. कुत्र्याला किंवा उंचीला भिणाऱ्या माणसाची छाती धडधडते, घाम फुटतो, पण तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत आधी नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि मग दोन्ही एकदम खाली येतात. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुणगुण, आणि माणूस खाली. तिला वाटत होतं आपण नाटकी आहोत, मनाने कच्च्या आहोत. मी कागदावर चढणारी-उतरणारी रेघ काढून दाखवली. त्या रेघेकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग हे मी मुद्दाम करत नाही."

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अशा बाईला सगळे सांगतात, अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे. ज्यांना नुसती धडधड होते त्यांना याने बरं वाटतं. पण ज्यांना भोवळ येते त्यांचा रक्तदाब आधीच घसरत असतो. तिथे अंग सैल सोडून भागत नाही, उलट आवळावं लागतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात ही रीत बसवली. मांड्या, पोटऱ्या आणि दंड दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण एकदम ढेपाळायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. असं पाच वेळा. गरोदरपणात मी पोट आवळायला सांगत नाही, श्वासही कोंडायचा नाही. ज्या हातात सुई जाणार तो हात ढिला, दुसरा हात आणि दोन्ही पाय आवळलेले. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर आधी त्यांना विचारायचं. हिच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच आम्ही सुरू केलं.

घरी मशीनवर बसल्या बसल्या ती रोज सराव करायची. एक शर्ट झाला की पाच वेळा. त्यासोबत हळूहळू सुईच्या जवळ जाणं. आधी इंजेक्शनचं चित्र. मग रिकामी सिरिंज, सुईशिवाय, तिच्याच हातात. तिने दट्ट्या ओढला, सोडला, पाणी भरून पाहिलं, शिवणाऱ्या बाईच्या कुतूहलाने. मग टोपण लावलेली सुई. तिसऱ्या आठवड्यात आम्ही रक्त तपासतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर नुसतं बसायचं ठरवलं होतं. तिथे स्पिरिटचा वास आला आणि ती उठून चालू लागली, थेट रिक्षा स्टँडपर्यंत. मी घाई केली होती. वासाचा विचार मी केलाच नव्हता. पुढचा आठवडा आम्ही फक्त स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो.

मधल्या काळात आणखी एक काम केलं, मोजणी. तिच्या मनात सुया शेकडो होत्या, त्या आम्ही वहीत लिहून काढल्या. एका टोचण्यात तीन-चार नळ्या भरतात, म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ या सगळ्यांसाठी बहुतेक वेळा एकच सुई. साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी एकदा रक्त द्यायचं. सरकारी दवाखान्यातल्या या तपासणीला उपाशी जावं लागत नाही. ही मात्र उपाशी जायचं ठरवून बसली होती. एप्रिलचं सोलापूर, उपाशी पोट, घशाला कोरड, अशाने न भिणारीलाही चक्कर येईल. पाणी भरपूर प्यायलं की शीरही लवकर सापडते. धनुर्वाताच्या दोन लसी, चार आठवड्यांच्या अंतराने, दंडावर. ही लस आईच्या अंगात जे संरक्षण तयार करते ते नाळेतून बाळाकडे जातं, हे ऐकल्यावर तिने वहीत त्या ओळीसमोर फूल काढलं. आणि सलाईन. तिला वाटायचं, सलाईन चालू असेपर्यंत सुई हातातच रुतलेली असते. तसं नसतं. सुई शिरेत वाट करून बाहेर काढतात, आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. ही गोष्ट मी किती बायकांना सांगितली असेल, आणि प्रत्येकीचा चेहरा सैल होताना पाहिला आहे. जागा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून, साधारण तासभर आधी लावावं लागतं.

रक्त द्यायच्या दिवशी नवऱ्याने अर्धी पाळी बुडवली. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की हसायचं नाही, "झालं, झालं" म्हणायचं नाही, नुसता हात धरायचा. सासूबाईंना वाटत होतं की धरून एकदाचं टोचून टाकावं. "मावशी," मी म्हटलं, "तिला एकदा धरून झालंय. त्याचंच हे सगळं आहे." त्या गप्प झाल्या, आणि घरून डब्यात शेंगाची चटणी-भाकरी घेऊन आल्या. तिथल्या सिस्टरांना आम्ही आधीच कल्पना दिली होती: हिला भोवळ येते, आडवी करून रक्त घ्या, डाव्या कुशीवर, आणि ती "थांबा" म्हणाली तर थांबा. हे सांगायला लाजू नये. बहुतेक सिस्टर मनापासून ऐकतात, त्यांनाही कुणी कोसळलेलं नको असतं.

सिस्टर म्हणाल्या, तिकडे बघ. ती म्हणाली, नाही, मला बघायचंय. मी जरा घाबरले, कारण अनेकींना बघूनच भोवळ येते. पण सुई कुठून आत जाते हे न बघता ती आयुष्यात कधी शिवली नव्हती. तिने पाय आवळले, उजवी मूठ आवळली. एकदा "थांबा" म्हणाली. सिस्टर खरंच थांबल्या. दहा सेकंदांनी ती म्हणाली, "घ्या आता." ओठ पांढरे पडले होते, पण शुद्ध गेली नाही. नंतर पंधरा मिनिटं तिला झोपूनच ठेवलं.

हिमोग्लोबिन ८.६ आलं. पाच महिने लपवलेली भीती अशी अंगावर येते. गोळ्या सुरू झाल्या, पण पुरेशा पडल्या नाहीत आणि सातव्या महिन्यात लोह सलाईनमधून द्यावं लागलं. तो दिवस सोपा गेला नाही. ती रडली, दोनदा थांबा म्हणाली. तरी मोरीत कडी लावून बसली नाही.

श्रावणात मुलगी झाली. दीड महिन्याच्या लसीला ती मला मुद्दाम घेऊन गेली. सासूबाई सवयीने पुटपुटल्या, "काय नाही गं सोन्या, मुंगी..." तिने हलकेच त्यांचा हात दाबला. लेकीला पदराखाली पाजायला घेतलं आणि तिच्या कानाशी म्हणाली, "जरा दुखेल हं. मी इथंच हाय."