मैदानाचा सल्ला

प्रश्न : आमचा फुटबॉल क्लब नागपूरच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. वस्तीतल्या पोरांसाठी अकादमी काढली, तर सीनियर संघाला उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण आठ-दहा वर्षांनी. दहा वर्षांखालच्या वीस पोरांपासून सुरुवात करा. चार नंबरचे, म्हणजे जरा लहान आकाराचे, दहा बॉल घ्या, म्हणजे दोघांत एक. पाच नंबरचा, मोठ्यांचा बॉल तेराव्या वर्षानंतरच. छोट्या मैदानावर पाच-पाच जण खेळवा. अकरा-अकरा खेळवलं की निम्मी पोरं नुसती उभी राहतात. मे महिन्यात सराव सकाळी साडेसातला थांबवा. आपली काळी माती उन्हात भेगाळते, घोटे तिथेच मुरगळतात. आधी मैदान फिरून बघा. जन्मदाखला पहिल्याच दिवशी घ्या. वय चोरून जिंकलेल्या कपातून सीनियर खेळाडू घडत नाही.